नव्वद दिवसांची नोटीस

सतरा हजार नऊशे या आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी होती. एवढीशी, शाईचा ठिपका उडावा तेवढी. रचनाने स्टीलची पट्टी त्या ओळीखाली धरली नसती तर तिच्याही नजरेतून सुटली असती — पण पट्टी होती, पट्टीशिवाय ती कुठलाच कागद वाचत नाही, आणि चांदणी दिसली की पान उलटायचं, तळाशी जायचं, तिथे बसलेली तिची जुळी बहीण शोधायची आणि तिच्या पुढची मुंगीएवढी अक्षरं चष्मा कपाळावर चढवून वाचायची. हा दर पहिल्या बारा महिन्यांपुरता लागू. तेराव्या महिन्यापासून किती, ते कुठेच लिहिलेलं नाही. एरवी असं काही सापडलं की तिला आतून बरं वाटायचं, चोर पकडल्यासारखं. आज तिने नुसती पेन्सिलीने खूण केली आणि तळहाताचा घाम ओढणीला पुसला.

चार वाजता डॉक्टर गुप्ते डोंबिवलीहून येणार होते. त्याआधी तक्ता तयार हवा होता. इथे वर्तकनगरच्या सेंटरमध्ये मशीन आहे, स्कॅन इथे होतात. डॉक्टर दुपारपर्यंत डोंबिवलीच्या सेंटरमध्ये बसतात, तिथे त्यांच्या पडद्यावर ही चित्रं पोचतात आणि मग ते रिपोर्ट सांगतात. दोन्हींच्या मध्ये एक लाइन — लीज लाइन, घरच्या नेटसारखी अख्ख्या गल्लीत वाटली गेलेली नव्हे, आपली एकट्याची, म्हणून महाग. तिचा करार डिसेंबरअखेर संपतो, आणि नवी घ्यायची की हीच ठेवायची हे आज ठरायचं होतं. तीन कोटेशनं, एक तक्ता, तक्त्याखाली डॉक्टरांची सही. बारा वर्षं हे असंच चाललंय, मशीनच्या देखभालीचा करार असो नाहीतर जनरेटरचा. डॉक्टर तक्त्याकडे बघतही नाहीत, पेनाचं टोपण काढता काढता म्हणतात, "रचनाताईंनी बघितलंय ना? मग झालं." त्या एका वाक्यावर ती बारा वर्षं जगली, असं सांगितलं तर कुणीही हसेल, पण रिसेप्शनवर नावं लिहून घेणारी बाई आज सेंटर चालवते ती त्या वाक्याच्याच जोरावर.

चांदणीवाली कंपनी बाजूला ठेवून तिने दुसरीला फोन लावला. एकोणीस हजार पाचशे, चांदणी नाही, तीन वर्षं दर तोच, राउटरचं भाडं त्यातच. सगळा कागद कसा स्वच्छ, आणि म्हणूनच तिला त्याचा संशय आलेला. स्वच्छ कागदात एखादा शब्द असतो. इथे तो होता — खोदाई, प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे.

"प्रत्यक्ष म्हणजे किती?"

"मॅडम, ते साइट बघितल्यावरच कळतं," पलीकडची मुलगी म्हणाली.

"साइट तुमच्या माणसाने मंगळवारी बघितली. चहा पण घेतला इथे."

कीबोर्डची टकटक. "चाळीस ते नव्वद हजारांच्या मध्ये जाईल, मॅडम. मेन रोडचा जुना पाइप मिळाला तर चाळीस, रस्ता फोडायला लागला तर नव्वद. आणि सोसायटीच्या परवानगीचं काय असेल ते वेगळं."

वेगळं. हा शब्द तिच्या जुन्या ओळखीचा. विठ्ठलवाडीच्या खोलीचा कागद झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती; आईने, जाईबाईने, अंगठा उठवला, निळी शाई पदराला पुसली आणि घरी येऊन गूळ वाटला — आणि महिन्याच्या एक तारखेला खोलीवाला दारात उभा राहिला तो म्हणाला, पाण्याचे वेगळे, संडासाचे वेगळे, गच्चीवर वाळत घालायचं असेल तर त्याचे वेगळे. कागदात लिहिलंय, बाई. लिहिलं होतंच. आठ वर्षं आई ते वेगळे पैसे देत राहिली आणि रचना त्या आठ वर्षांत वाचायला शिकली, म्हणजे शाळेत शिकतात तसं नव्हे, डोळ्यांत तेल घालून. मला कुणी फसवू शकणार नाही, हे तिने कधी मोठ्याने म्हटलं नाही, पण तिच्या चालण्यात ते असायचं, भाजी घेतानासुद्धा असायचं.

आणि काल संध्याकाळी तिने जुन्या लाइनची फाइल उघडली ती फक्त जुना दर उतरवून घ्यायला. महिन्याला सव्वीस हजार पाचशे. एवढंच घ्यायचं होतं. पण बोट सवयीने खाली खाली गेलं... कलम चौदा. मुदत संपण्याआधी नव्वद दिवस लेखी नोटीस न दिल्यास करार त्याच दराने आपोआप एक वर्ष वाढेल. वाढीव मुदतीत लाइन सोडल्यास उरलेल्या मुदतीचं पूर्ण भाडं देय. एकतीस डिसेंबरच्या मागे नव्वद दिवस तिने कॅलेंडरवर पेन्सिलीने मोजले, दोन वेळा मोजले. दोन ऑक्टोबर. काल बारा तारीख होती, आज तेरा. अकरा दिवस उशीर. लाइन सोडा नाहीतर ठेवा, वर्षाचं भाडं द्यायचंच, कर धरून पावणेचार लाख.

मी विसरले नव्हते. हेच कुणाला पटणार नाही... विसरले असते तर सांगायला सोपं होतं, माणूस आहे, विसरतो. कलम मला तीन वर्षांपूर्वी, सही करून घेताना, माहीत होतं, समासात माझ्याच हाताने तिथे खूण केलेली आहे. गणपतीनंतर मी पत्राचा मसुदासुद्धा केला होता — 'आपणांस कळविण्यात येते की' — इतकं लिहिलं आणि पुढे हात चालेना. कारण ते पत्र कंपनीला जाणार असलं तरी ते उघडणार दौलत. आणि दौलतला असं पत्र लिहायचं माझ्या जिवावर आलं.

दौलत भोईर हा जुन्या लाइनच्या कंपनीचा इथला माणूस. लाइन विकली त्याने, जोडून दिली त्याने, बंद पडली की धावत येतो तोही तोच. पण ते वेगळं. त्याचे हिशेब होतात. एकवीस सालच्या एप्रिलमध्ये आबांचा, तिच्या सासऱ्यांचा, ऑक्सिजन चौऱ्याऐंशीवर आला होता, कल्याणात कुठे खाट नव्हती, नवरा फोन लावून लावून रडकुंडीला आलेला, आणि रचनाने सेंटरच्या कामाचा फोन आला म्हणून उचलला तो दौलतचा होता. तिच्या आवाजावरून त्याला कळलं. तीन तासांनी तो भिवंडीहून सिलिंडर घेऊन आला, स्कूटरच्या पायाशी उभा बांधलेला, आणि तीन मजले खांद्यावरून वर चढवला. मास्कमधून त्याचा श्वास फासफूस वाजत होता. आबा अजून आहेत. संध्याकाळी गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतात. सिलिंडरचे किती झाले म्हणून तिने चार वेळा विचारलं, दौलतने प्रत्येक वेळी विषय बदलला.

अशा माणसाला आपणांस कळविण्यात येते की?

म्हणून तिने तोंडी सांगितलं. सप्टेंबरात, याच टेबलाशी, चहा देताना, जरा हसत — "दौलत, या वेळी पुढे नको हं. डॉक्टर म्हणतायत दुसरं बघू या." त्याने बशीत चहा ओतला, फुंकला. "ताई, तुम्ही सांगितलं ना? झालं मग." आणि आबांची चौकशी करून गेला. तिला केवढं हलकं वाटलं होतं त्या दिवशी. कागद न करता काम झालं, माणुसकीने झालं, आपणही काही अगदीच पट्टी घेऊन बसणाऱ्या नाही... जाईबाईची मुलगी भिडेपायी कागद करत नाही, याचं तिला तेव्हा कौतुक वाटलेलं, हे आठवून आता तिचे कान तापले.

सकाळी आल्या आल्या तिने त्याला फोन केला होता.

"ताई, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "सिस्टीमला मेल लागतो ना. मी वरती बोललेलो तोंडी, पण ते ऐकत नाय. सिस्टीमने उचललं म्हणजे उचललं."

"अरे, मग मला सांगायचंस ना, ताई एक मेल टाका म्हणून."

"मला वाटलं तुम्हाला माहिती असेल. तुम्ही तर सगळं वाचता."

मग तोच पुढे म्हणाला, आवाज खाली आणून, "एक करा ताई. तीन वर्षांचं नवीन ॲग्रीमेंट करा, मी तुम्हाला बावीसने करून देतो. मग ते एक वर्षाचं त्याच्यातच निघून जाईल. नोटीस-बिटीस कोण विचारत नाय. डॉक्टरांना पण सांगायला नको, काय नाय." आणि ठेवता ठेवता, "आबा कसेत?"

"बरे आहेत," ती म्हणाली.

त्याला माहीत होतं का? सप्टेंबरात बशीत चहा ओतताना त्याला तारीख माहीत होती का? माणूस रोज हेच विकतो, कलम चौदा त्याला तोंडपाठ असणार. एक वाक्य, ताई मेल टाका, एवढं बोलला असता — की नाही बोलला, कारण त्याच्याही डोक्यावर कुणीतरी महिन्याचा आकडा घेऊन बसलेलं आहे आणि आपली लाइन गेली तर त्याच्या आकड्यात भोक पडतं? आणि मग त्याच्याही मागे, आणखी मागे, एक विचार असा आला की तिला स्वतःची किळस आली. सिलिंडरचे पैसे तो एवढ्यासाठीच घेत नव्हता का. नाही. तो खांद्यावरून तीन मजले चढला होता, त्याला ते करताना लीज लाइन दिसत नव्हती, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पण विचार एकदा आला की आलाच. तो परत पाठवता येत नाही.

दुपारी डबा तसाच राहिला. तक्ता मात्र भरत गेला. एकोणीस हजार पाचशेवाली नवी लाइन आणि दौलतची बावीसची, दोन्ही तीन वर्षांसाठी मांडल्या, नव्या लाइनच्या जोडणीचा पस्तीस हजार खर्च धरला, आणि सगळं येऊन थांबलं ते खोदाईवर. तिथे चाळीस हजार लिहिले तर नवी लाइन पंधरा हजारांनी स्वस्त. नव्वद लिहिले तर दौलतची स्वस्त. तिने चाळीस लिहिलं. खोडलं. नव्वद लिहिलं. नव्वदमध्ये खोटं काय होतं? कंपनीची मुलगीच म्हणाली, रस्ता फोडायला लागला तर नव्वद, आणि शहाण्या माणसाने जास्तीचाच खर्च धरावा, हे तर ती स्वतः सगळ्यांना सांगत आलेली. एकही आकडा खोटा न लिहिता तक्ता दौलतकडे झुकत होता, अगदी अलगद, आणि तो तसा झुकला की नोटीस, दोन ऑक्टोबर, समासातली खूण, सगळं त्याच्याखाली गडप होत होतं. डॉक्टर सही करतील. मग झालं.

इतकी वर्षं मी लोकांचे कागद उलटेपालटे करून बघितले, त्यांत चांदण्या दडवणारी माणसं कशी असतील असं मला वाटायचं, कोडगी, निगरगट्ट. ती अशी असतात. त्यांनी डबा खाल्लेला नसतो.

दार न वाजवता समृद्धी आत आली. स्कॅनची टेक्निशियन, दोन वर्षं झाली तिला इथे, टिटवाळ्याहून येते. "मॅडम, स्कॅन पाठवताना परत अडकलंय. बारा टक्क्यांवर उभं आहे कधीचं."

"दौलतला फोन कर."

"केला. येतो म्हणाले." ती जाईना. "मॅडम, नवीन लाइन कधीपासून येणार ओ? पेशंटला तोंड मला द्यावं लागतं. ते हेल्मेटवालं झालं तेव्हापासून मला ना, बार पुढे सरकेपर्यंत धडधडतं."

"बघतेय," रचना म्हणाली, आणि कागद नकळत हाताखाली झाकून घेतला.

ऑगस्टमध्ये एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती, घोडबंदर रोडला स्कूटरवरून पडलेला, बोलत होता, चालत होता, फक्त एक गोष्ट सारखी सारखी सांगत होता. डोक्याचं स्कॅन झालं आणि लाइन गेली, एक तास पन्नास मिनिटं. ती बाई बाकावर बसून राहिली, मांडीवर त्याचं हेल्मेट, आणि दर थोड्या वेळाने उठून काचेशी यायची, "अजून नाही का आलं?" — चिडून नव्हे, जणू उशिराबद्दल तिलाच अपराधी वाटत होतं. शेवटी फिल्म हातात देऊन त्यांना मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. माणूस वाचला, आठ दिवसांनी पेढे घेऊन आला. पेढे खाल्ले सगळ्यांनी. आता हा तक्ता म्हणत होता की अजून तीन वर्षं हीच लाइन, आणि लाइन बंद पडण्याचा रकाना तक्त्यात नव्हता, कारण तो पैशांत मांडता येत नाही, आणि रचनाने कधी तो मांडायचा प्रयत्नही केला नव्हता.

खरं सांगितलं तर ही लाइन फार तर एक वर्ष. लपवलं तर तीन. हा हिशेब तिला सकाळी दौलतने फोन ठेवला तेव्हाच कळला होता. त्यासाठी कॅलक्युलेटर लागत नाही. कळत असूनही साडेतीनपर्यंत ती नव्वदच्या आकड्याकडे बघत बसली, आणि त्या वेळात तिला डॉक्टरांचा चेहरा दिसत राहिला — रागावलेला नाही, ते रागावत नाहीत. ते फक्त पुढच्या वेळी टोपण काढताना जरा थांबतील. एवढंच. सहीआधीचं ते जरासं थांबणं तिला पावणेचार लाखांपेक्षा भयंकर वाटत होतं. बारा वर्षांत तिने दुसरं काय कमावलं होतं?

साडेतीनला तिने खोदाईच्या ओळीत लिहिलं, 'चाळीस ते नव्वद, नक्की नाही'. आणि तक्त्याच्या तळाशी एक ओळ वाढवली. जुनी लाइन सोडण्याचा खर्च. पुढे आकडा. त्याच्या पुढचा रकाना होता कारणाचा. तिथे पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. 'कलम चौदा' असं लिहिता आलं असतं, ते खरंच होतं, आणि त्यातून कंपनीच लबाड दिसली असती. रकाना तसाच राहिला. तक्ता टाइप करून छापून आला तेव्हा बाहेर डॉक्टरांची गाडी लागत होती.

"काय गरम होतंय," डॉक्टर खुर्चीत बसत म्हणाले. ऑक्टोबरचा घाम त्यांच्या कपाळावर होता. समृद्धीने पाणी आणून ठेवलं. त्यांनी तक्ता ओढला, पेन काढलं, टोपण काढलं, आणि कागदाच्या तळाशी उजवीकडे, सहीच्या जागी, नजर टाकत म्हणाले, "तुम्ही बघितलंय ना? मग —"

"वाचा," रचना म्हणाली.

त्यांनी वर बघितलं.

"वाचून सही करा, डॉक्टर. या वेळी." आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. आता पुढचं वाक्य यायला हवं होतं, तिने ते साडेतीनपासून मनात घोळवलं होतं — माझ्याकडून एक चूक झालीय — पण ते आलं नाही. डॉक्टरांनी टोपण परत लावलं. चष्मा शोधायला खिसे चाचपू लागले.

"बरं झालं म्हणालात," ते म्हणाले, जरा ओशाळून, तिच्याकडे न बघता. "खरं सांगू का रचनाताई, मागच्या खेपेलाच, ही लाइन घेतली ना, तेव्हा मला विचारायचं होतं, की हा दौलत सोडून दुसऱ्या कुणाला विचारलंय का आपण नीट. ती दुसरी दोन कोटेशनं पण त्यानेच आणली होती, असं मला वाटलेलं. पण म्हटलं तुम्ही एवढं बघितलंय... वाईट वाटेल तुम्हाला."

आणली होती. दुसरी दोन त्यानेच आणली होती. सगळेच आणतात, तीन हवी असतात ना.

म्हणजे तेव्हाही. तेव्हाही ते टोपण काढता काढता थांबले होते, आतल्या आत, आणि तिला ते दिसलं नाही, चांदण्या शोधणाऱ्या बाईला. आणि जनरेटरच्या वेळी? मशीनच्या? बारा वर्षांतल्या किती सह्या विश्वासाच्या आणि किती नुसत्या... तिने मसुदा अर्धा सोडून दौलतला बशीत चहा ओतू दिला होता, अगदी तसंच हसत, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. आपण ज्याला विश्वास समजून उराशी धरलं ती भीड होती. थोडी तरी होती. किती, हे आता कुठल्याच कागदावर सापडणार नाही.

डॉक्टरांना चष्मा सापडला. त्यांनी कागद जवळ घेतला आणि वरपासून वाचायला सुरुवात केली, बोट ओळीवर ठेवून, सावकाश, ओठ किंचित हलवत. त्यांना वाचताना तिने इतक्या वर्षांत असं कधी पाहिलंच नव्हतं. दर. जोडणी. राउटर. खोदाईपाशी ते थांबले, "हं," म्हणाले, पुढे गेले. तळाच्या ओळीपर्यंत पोचायला आणखी चार ओळी होत्या, आणि त्या रिकाम्या रकान्यावर बोट आलं की ते विचारणार, हे काय? तेव्हा तोंडातून दौलतचं नाव येईल की स्वतःचं, हे रचनाला अजूनही सांगता आलं नसतं. पण ते बोट खाली येत होतं आणि तिला ते थांबवावंसं वाटत नव्हतं. पैशांचं ते काहीतरी करतील. रागावणारही नाहीत. फक्त आजपासून त्यांना तिची भीड वाटणार नाही, ते विचारतील, दरवेळी, प्रत्येक ओळीला. आणि आपलं काहीतरी कायमचं गेलं म्हणून आत जे तुटत होतं, त्याच्याच शेजारी, लाज वाटावी इतकं स्पष्ट, तिला सुटल्यासारखंही वाटत होतं.